आक्कांच्या अंगातलं पाणी

आक्का माझ्याशी शेवटचं धड बोलल्या ते हॉस्पिटलात, खाटेवर टेकून बसल्या असताना. "घोटं दिसाय लागलं बघ रं माझं!" सूज उतरली म्हणून केवढ्या खूश होत्या. मला वाटलं, आता घरी न्यायचं... दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ओळखलं नाही.

मी हिंगोलीकडचा. सातवीत शाळा सुटली, इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला आलो. आक्का माझ्या खोलीच्या मालकीण, एकट्याच. आल्या आल्या मी तापानं पडलो, तर भाकरी-आमटी घेऊन दारात उभ्या, "परमुलखात उपाशी मरतोस व्हय रं?" तेव्हापासून मी त्यांच्याकडंच जेवलो.

हृदय दमलं, अंगात पाणी साठलं, म्हणून त्यांना कोल्हापूरला दाखल केलं. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही कोण यांचे?" आक्काच धापा टाकत म्हणाल्या, "माझाच हाय त्यो. त्यालाच सांगा."

लघवीचं इंजेक्शन वाढवूनही पाणी पुरेसं निघेना. जोडीला दुसरं औषध लागणार होतं. एक मवाळ, दुसरं जोरकस, पण त्यानं रक्तातले क्षार एकदम उतरू शकतात. "यांना कुठलं मानवेल, हे खात्रीनं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. मवाळ औषध सुरू झालं.

पाणी मोजूनच प्यायचं होतं. पण बघायला येईल तो शहाळं घेऊन. मी आडवा गेलो तर गल्लीतल्या मावशी खेकसल्या, "पाणी कुठं देतोय? शहाळं हाय की ह्ये!" आक्का हळूच म्हणाल्या, "एवढ्या लांब आलेल्याला न्हाय कसं म्हणू, लेका?" डॉक्टरांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "आता औषध कमी पडलं की शहाळं जास्त झालं, कसं ठरवू मी?"

धाप वाढत चालली, मग जोरकस औषध दिलं. पाणी निघालं, घोटे दिसले... आणि क्षार ढासळले. आक्का बरळू लागल्या आणि त्यातच गेल्या. मवाळ औषधावरच थांबलो असतो तर? मी विचारलं. "कदाचित धापेनं गेल्या असत्या," डॉक्टर म्हणाले. कदाचित... हा शब्द मला झोपू देत नाही.

आमच्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत. जेवण तयार झालं की मला बोलवायला आक्का पलीकडून तिच्यावर लाटणं आपटायच्या. परवा आक्कांच्या खोलीत राहायला आलेल्या त्यांच्या भाचीनं विचारलं, त्या भिंतीला कपाट लावू का? मी म्हटलं, ताई, दुसरीकडं लावा. तेवढी भिंत मोकळी राहू द्या.