दगडाला लावलेला साबण

बसऱ्याच्या लढाईवरून आमचे मालक परत आले ते वस्तरा, चामड्याचा पट्टा आणि धारेचा एक गुळगुळीत दगड घेऊन. पलटणीत शिकलो, आता माझी दाढी मीच करणार, म्हणाले. आमच्या बेळगुंदीत याचं नवल झालं. गावच्या न्हाव्यानं वाईट वाटून घेतलं नाही. न केलेल्या दाढीचं बलुतं तो दर सुगीला हसत घेऊन जाई.

भांडण व्हायचं ते आम्हा नवरा-बायकोत, साबणावरून. दगड पाण्यानं ओला करायचा, त्यावर वस्तरा घासायचा, इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण शेवटी ब्रशानं दाट फेस काढून तोही दगडाला फासायचे आणि त्यावर हलक्या हातानं वस्तरा फिरवत बसायचे. पुढं दुसऱ्या महायुद्धात साबणाची वडी मिळायची मारामार, आणि इथं दगडाला आंघोळ! दगडाला कुठं मिशा फुटल्यात, असं मी विचारायची. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

त्याच लढाईच्या दिवसांत एका सकाळी त्यांचा उजवा हात लुळा पडला. बोलणं शाबूत राहिलं, चालणंही राहिलं, हात तेवढा उठेना. दाढी वाढायला लागली. आमच्याकडे दाढी वाढलेला माणूस दिसला की लोक आधी विचारतात, सुतक कुणाचं? दोघातिघांनी तसं विचारल्यावर त्यांनी बाहेर सोप्यावर बसणंच सोडलं. न्हावी आपणहून धोकटी घेऊन आला, तर माझं मी बघतो म्हणून त्याला वाटेला लावलं. काय बघणार होते, कपाळ! आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवण निम्म्यावर आलं. माणूस असाच भिंतीकडे बघत बघत जायचा, या भीतीनं मला झोप लागेना.

शेवटी मीच एक दिवस दगड बाहेर काढला. मी करते, असं मी म्हणाले. ते हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

ओल्या फडक्यावर दगड ठेवला, पाणी शिंपडलं आणि इतकी वर्षं बघत आले होते तसा वस्तरा घासला. मनगटावरचे केस निघाले, तेव्हा धार लागली असं मी धरलं. एक गाल केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि गालावर बारीक लाल ठिपके उमटले. मी हात आवरला. आता एक गाल नवरदेवाचा, एक गोसाव्याचा. या अवतारात तर परसातही जाण्याची सोय उरली नाही. मला माझा राग आला आणि त्यांचाही.

“पान्यावर धार खरबरीत ऱ्हाती,” ते हळूच म्हणाले. “आता फेस लाव दगडाला. आन् दाबू नगं, वस्तरा वरच्यावर जाऊंदे.”

मी मुकाट्यानं फेस काढला आणि सढळ हातानं फासला. आधी थोडी खरखर ऐकू येत होती, मग तीही थांबली. ते कान देऊन होते. फेस काळपट झाला तेव्हा बास म्हणाले. वस्तरा पट्ट्यावर फिरवून मी दुसरा गाल धरला. लोण्यातून फिरावा तसा फिरला.

गळा राहिला होता. तिथं मात्र वस्तरा टेकवायचा मला धीर होईना. त्यांनी ते पाहिलं, डोळे मिटले आणि मान मागं टाकली. मी श्वास धरून दाढी पुरी केली.

तोंड पुसल्यावर त्यांनी डाव्या हातानं गाल चाचपले. मग उठले आणि सोप्यावर जायला निघाले. उंबऱ्यापाशी थांबून, माझ्याकडे न बघताच म्हणाले, “उद्या बी करशील न्हवं?”

लग्न झाल्यापासून त्यांनी मला हजार कामं सांगितली होती. असं विचारलं कधीच नव्हतं. मला रडू आवरेना. करीन, एवढंच मी कसंबसं म्हणाले.