पाणंदीतले पत्रे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आप्पांनाही नाही — आणि वडिलांपासून लपवावं असं एरवी माझ्याकडे काहीच नसतं. कितीदा सांगायला म्हणून बसले आणि दुसरंच काहीतरी बोलून उठले. तुम्ही समोर नाही आहात, म्हणून कदाचित जमेल.

मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरी पाटी नव्हती. उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. आप्पा कधी पाटपाण्यासाठी, कधी दारूबंदीसाठी पत्रकं काढायचे. बारामतीच्या छापखान्यातून आलेल्या गठ्ठ्याची सुतळी सोडायचा मान माझा. आप्पांचा एकच नियम होता — पत्रक एका पानाचं, आणि त्यात ‘पण’ नको. ‘पण’ दिसला की माणूस कागदाची घडी घालतो.

मग माझं स्वतःचं पत्रक आलं. छपरांवरचं.

आमची वस्ती सणसरच्या पुढं, चहूबाजूंनी ऊस. निम्म्या घरांवर आणि जवळजवळ सगळ्या गोठ्यांवर सिमेंटचे जुने पत्रे होते — ते करडे, नागमोडी, ज्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. पावसानं काळे पडलेले, कडांना भुगा होत चाललेले. या तंतूंनी फुप्फुसं निकामी होतात हे वाचलं आणि माझं डोकं फिरलं. शिवाय दर हंगामात ऊस तुटला की फडात उरलेलं पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, लोक पेटवून देत. मी लिहिलं — सिमेंटचे पत्रे उतरवा, साधे लोखंडी पत्रे घाला, त्यावर पाचटाचा जाड थर बांधा. घर गार राहील, फड जळणार नाही, छातीत विष जाणार नाही. चांगलं होतं ते पत्रक. मला अजूनही ते चांगलंच वाटतं, काय करू?

पहिल्या मसुद्यात आणखी एक परिच्छेद होता. पत्रा अखंड आहे तोवर धोका कमी. फोडला की खरा धोका. म्हणून उतरवताना पाण्यानं भिजवा, तोडू-फोडू नका, प्लास्टिकमध्ये गुंडाळा, रीतसर सोय होईपर्यंत झाकून ठेवा. तो परिच्छेद ‘पण’नं सुरू होत होता. मी वाचला. जड वाटला. खोडला. राहून गेला असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं — पण मी तो पेनानं, दोन आडव्या रेघा मारून खोडला.

आणि लोकांनी ऐकलं! पत्रकाचं इतकं कोण ऐकतं हो? दिवाळीच्या आसपास एकेका छपरावरून पत्रे खाली यायला लागले. मी हवेत होते.

आमच्याकडे एक रीत आहे. कारखान्याचा हंगाम सुरू होण्याआधी पाणंद भरायची. पाणंद म्हणजे वस्तीतून फडांकडे जाणारा कच्चा रस्ता. पावसात त्याचा चिखल होतो, आणि उसाची ट्रॉली एकाची रुतली तरी खोळंबा सगळ्यांचा. म्हणून प्रत्येक घरानं आपापला राडारोडा आणून तिथं टाकायचा — फुटक्या विटा, कौलांचे तुकडे, पडलेल्या भिंतीची माती. त्या वर्षी घराघरांत काय पडून होतं, हे मी सांगायला नको.

मी पोचले तेव्हा तात्या घण घेऊन उभे होते. पाणंदीचं काम वर्षानुवर्षं तेच बघतात.

“या, पत्रकवाल्या बाई!” ते ओरडले. “बघ, तुझं समदं इख हितं आणलंय. घरातनं भाईर काढलं, आता ट्रॉलीखाली चिरडून मारू.”

“तात्या, जरा दमानं हाणा,” मागून कोणी तरी म्हणालं, “न्हायतर म्होरलं पत्रक तुमच्यावरच काढंल ती.”

सगळे हसले. मीही हसले. घण पडत होते, करडी धूळ उडत होती, बाया घमेल्यांनी तुकडे पसरत होत्या. त्या सगळ्या माणसांत ती धूळ काय आहे हे नीट माहीत असलेली मी एकटी होते. मग तात्यांनी नारळ माझ्या हातात दिला. मान तुझा, म्हणाले. मी तो फोडला.

इथंच थांबता आलं असतं तर — तर ही एक लाजिरवाणी गोष्ट झाली असती, इतकंच. पण मला सांगायचं आहे ते याच्याही पुढचं.

पाणंदीच्या वळणावर हौसाकाकीचं घर आहे. तिची शीतल आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. त्या हंगामात शीतल डाळजहून माहेरी आली होती, पहिल्या बाळंतपणाला. दिवसभर ट्रॉल्या जायच्या. पत्र्यांचं पीठ झालं. काकीच्या ओसरीवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर, पाण्याच्या हंड्यावर करडा थर बसायचा. काकी सडा टाकून टाकून दमली.

एके दुपारी तिनं मला हाक मारली. तिचे हात भाकरीच्या पिठाचे होते.

“बाय, ही धूळ पत्र्याचीच न्हवं का गं? तूच लिवलं हुतंस, लई वंगाळ असतीया म्हणून. मग शीतलला हितं ठिवू, का बावड्याला माझ्या बहिणीकडं धाडू? तू म्हणशील तसं करती.”

बावडा काय लांब आहे? नुसतं ‘धाडा’ म्हणायचं होतं. पण मग तात्या विचारणार, घमेली वाहिलेल्या बाया विचारणार — माहीत होतं तर नारळ कसा फोडलास? आणि इंदापूरला माझं भाषण ठरलं होतं. माझं पत्रक दुसऱ्या गावांत जाणार होतं.

मी म्हणाले, “काकी, पत्रा डोक्यावर असला तरच वाईट. मातीत गेला की मातीच.”

काकीचा चेहरा एकदम मोकळा झाला. आत वळून ती म्हणाली, “ऐकलंस का गं शीतल? म्हणून म्हणती, हिला इचारल्याबिगर कायबी करायचं न्हाय!”

इंदापूरला टाळ्या पडल्या. शीतलला मुलगी झाली. बारसं ओसरीवरच होतं. मी पाळण्याच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट करडं झालं. कुणी बघत नाही असं पाहून मी ओढणीनं ती कड पुसली, मग बायकांत जाऊन बसले आणि घुगऱ्या खाल्ल्या. शीतल हंगाम संपेपर्यंत तिथंच राहिली. का राहणार नाही? मी सांगितलं होतं.

पुढच्या वर्षी ग्रामसभेत मी पाणंदीवर मुरूम टाकण्याची मागणी केली. कारण दिलं — चिखल होतो. मुरूम पडला. आता वरून काही दिसत नाही.

मुलगी ठणठणीत आहे, खूप बोलते, मला मावशी म्हणते. हा आजार झालाच तर कित्येक वर्षांनी होतो, आणि तिला तो होणारही नाही, अशीच शक्यता जास्त — हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल! ते खरंही असेल. तरी शीतलचा फोन येतो, ती सहज म्हणते, “पिल्लूला खोकला झालाय गं,” आणि मी खोकल्याचे दिवस मोजायला लागते. मी विचारते, डॉक्टरांना दाखवलंस का? आणि मग विषय बदलते. डॉक्टरांना काय सांगायचं हे तिला कुठं माहीत आहे?

हा मजकूर छापून येण्याआधी मी डाळजला जाणार आहे. निघण्याआधी हौसाकाकीला सांगेन, तिथं पोचल्यावर शीतलला. पाणंदीत मुरमाखाली आहे ते अजून किती घातक आहे, हे तात्यांनाही. शीतल काय म्हणेल ते मला ठाऊक नाही, आणि तिनं काही म्हणावं अशी माझी अपेक्षाही नाही. पण उद्या, वीस वर्षांनी, कुणी डॉक्टर तिच्या मुलीला विचारेल — लहानपणी अशा धुळीत होतीस का? — तेव्हा तिला उत्तर माहीत असायला हवं. तिच्या आजीनं या धुळीबद्दल तिच्या जन्माआधीच मला विचारलं होतं. मी खोटं सांगितलं.