झोपेतल्या पापणीचे माप

पहिली शस्त्रक्रिया एका शिबिरात झाली होती. खुपऱ्यांच्या जुन्या रोगामुळे माझ्या उजव्या डोळ्याची वरची पापणी आत वळली होती आणि तिचे केस बुबुळावर घासत. थोडी कातडी कापून पापणी बाहेर वळवली, टाके घातले, केस टोचायचे थांबले. तीन वर्षे मी शिबिरातल्या डॉक्टरांविषयी चांगलेच बोलत असे. मग त्याच डोळ्याची आग व्हायला लागली, आणि तीही झोपून उठल्यावर. दिवसभर वापरलेला डोळा बरा आणि विश्रांती दिलेला लाल, हे गणित मला सुटत नव्हते.

हा माझा कामाचा डोळा. डावा लहानपणापासून अधू. त्याला हातभर अंतरावरचे दिसते, पुढे सगळे धूसर. आणि माझी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यावर रंगवलेल्या पट्टीवरून पाण्याची पातळी वाचून वहीत लिहिण्याची.

बायकोला घेऊन परभणीला एका डॉक्टरांकडे गेलो. आमच्या पिंगळीहून पॅसेंजर गाडीनेच, कारण विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या दिवसांत एस.टी. कधी बंद होईल याचा भरवसा नसे. डॉक्टरांनी माझे काम विचारले, मग डोळ्याला पिवळा रंग लावून निळ्या दिव्याखाली पाहिले.

"पापणी कमी पडते. झोपेत डोळा उघडा राहतो, बुबुळ खालच्या बाजूला कोरडे पडून तिथे जखम झाली आहे. कानामागची कातडी काढून पापणीला जोडावी लागेल. आठवडाभर वरची आणि खालची पापणी टाक्यांनी बंद ठेवू."

"पहिल्या वेळी कातडी जास्त कापली का?"

"मी तिथे नव्हतो."

हे उत्तर मला फारच तयारीचे वाटले. एका डॉक्टरने चुकवलेली पापणी दुसरा दुरुस्त करणार. दुसऱ्याने चुकवली तर पुढे कोण? मी विचारले, "नाही केली तर?"

"डाग वाढेल. मग तुमची ती कालव्यावरची पट्टी विसरा."

मी खिशातून वही काढली. डोळा पुरता मिटत नाही हे आरशात दिसल्यापासून रोज सकाळी आरशासमोर बसून, उजवा डोळा मिटून, डाव्याने बघत प्लास्टिकच्या पट्टीने फट मोजली होती. एकवीस दिवस, एकवीस नोंदी, सगळ्या दोन मिलिमीटरच्या आसपास.

"मोजताना तुम्ही जागे असता आणि जोर लावून डोळा मिटता," डॉक्टर म्हणाले. "झोपेत चार-पाच असेल. घरी कुणाला तरी मोजायला सांगा."

बायको शेजारीच स्टुलावर बसली होती. मी औषध घ्यायला बाहेर गेलो तेव्हा ती आत मागे राहिली. साधारण चार मिनिटे.

पुढच्या रविवारी दुपारी मी झोपून उठलो तर ती पट्टी हातात घेऊन उशाशी बसलेली. "पाच हाय," ती म्हणाली.

आमच्या खात्यात कालव्यावर न जाता घरी बसून पातळी भरणारे लोक मी पकडलेले आहेत. त्यांची खूण ठरलेली: आकडे शून्यावर संपतात, नाही तर पाचावर. पाणी असे नेमके वाहत नाही. आता डॉक्टरांचे पाच आणि बायकोचेही पाच.

"त्या दिवशी आत काय बोलत होतीस?"

"तुमच्याच डोळ्याचं."

"आकडा त्यांनी सांगितला?"

"अवो, डोळा तुमचा, पट्टी तुमची. खोटं सांगून मला काय भेटायलंय?"

मी जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या. आकडे नाहीत, रेघा नाहीत. एक तिला दिली. "मी झोपलो की डोळ्याशेजारी धर आणि फट जेवढी असेल तेवढ्या दोन खुणा कर. बोलू नकोस." तिने खुणा केल्या आणि पट्टी घडी घालून माझ्या हातात ठेवली. मी ती उघडली नाही.

चार दिवसांनी थोरला भाऊ ताडकळसहून आला. जेवणानंतर बायको दळणाला गेली, तेव्हा दुसरी पट्टी त्याला दिली आणि आडवा झालो. उठलो ते त्याच्या हसण्याने.

"डोळा उघडा ठिवून झोपायलास की रं! ससा हायस का सरकारी नोकर? का बायकोवर पाळत ठिवायलास?"

"दादा, खुणा केल्या का?"

"केल्या. पण लय वंगाळ दिसतंय बाबा ते. नुसतं पांढरं. झाकावं म्हणून हात पुढं केला होता मी."

तो गेल्यावर दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून मोजल्या. भावाची सहा मिलिमीटर. बायकोची साडेसहा.

आकडा खोटा होता, हा माझा संशय बरोबर निघाला. तो मोठा करून सांगितला असेल, हे मात्र चुकले. ती परत आली तेव्हा दोन्ही पट्ट्या तिच्यासमोर ठेवल्या.

"मग पाच का म्हणालीस?"

तिने डब्यावरचे पीठ झटकले. "डॉक्टर पाचापातुर म्हणले होते. त्याच्यावर सांगितलं असतं तर तुमी झोपणंच सोडलं असतं. त्या दिशी डॉक्टरांनी सांगितलं तशी फडक्याची ओली घडी ठिवायले मी रोज डोळ्यावर. तुमी उठायच्या आधी काढायले."

शस्त्रक्रियेला होकार दिला. पापण्या शिवलेल्या होत्या तो आठवडा डाव्या डोळ्यावर काढला. ताट दिसे, दारातला माणूस ओळखू येत नसे. टाके निघाले, सूज उतरली. दीड महिन्याने एका दुपारी उठलो आणि विचारले, "किती?"

"एकाहून कमी. किती कमी ते तुमीच बघा." कागदाच्या पट्टीवर तिने आधीच खुणा करून ठेवल्या होत्या. मी मोजली. एकाहून कमीच होते.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. अलीकडच्या काठावरून पलीकडची पातळी वाचता आली. वहीत लिहिली. मग पुलावरून पलीकडे गेलो आणि जवळून एकदा पडताळून पाहिली.