थांबायचं बटण

सी भाषेत प्रोग्रॅम लिहिताना सुनंदा एकेका व्हेरिएबलवर बोट ठेवून स्वतःशीच विचारायची, "हे कुणाचं हाय?" सुप्याच्या आमच्या लहानशा कंपनीत पुठ्ठा कापायची यंत्रं बनत. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन धागे, एकाच वेळी चालायचे. एक बटणांवर लक्ष ठेवायचा, दुसरा पातं चालवायचा. दोघांनी एकाच व्हेरिएबलमध्ये लिहिलं की घोळ व्हायचा, म्हणून तिथं म्युटेक्स नावाचं कुलूप घालतात. "किल्ली ज्याच्याकडं, त्यानंच हात लावायचा," असं ती नव्यांना शिकवायची. तिसगावची बोली तिनं ऑफिसातही सोडली नाही. आता ती पुण्यात असते. फोनवर तशीच बोलते.

एकदा चाचणीत बटण दाबूनही पातं थांबलं नाही. पुन्हा करून पाहिलं, तर व्यवस्थित थांबलं. आमच्यातल्या एकानं प्रोग्रॅममध्ये स्लीप ही आज्ञा घालून थोडा विलंब दिला आणि दोष दिसेनासा झाला. साहेब यंत्र पाठवायला निघाले. सुनंदा उठून हळूच म्हणाली, "साहेब, झोपवलं म्हंजे दुखनं गेलं असं न्हाई. तिथं मानसाचा हात असनार हाय."

साहेब चिडले, गिऱ्हाईक गेलं तर तुझ्यामुळे, असंही म्हणाले. ती खाली मान घालून कामाला बसली. काही दिवसांनी तिला दोष सापडला. पात्याचा थ्रेड आधी 'थांब' आहे का ते बघायचा, मग 'चालू' लिहायचा. नेमकं त्या मधल्या क्षणी बटण दाबलं, तर 'थांब' पुसलं जायचं. तिनं बघणं आणि लिहिणं एकाच कुलपात घातलं, बटणाच्या थ्रेडलाही तेच कुलूप लावलं, आणि स्लीप काढून टाकला.

यंत्र निघायच्या दिवशी तिचे वडील तिला घरी न्यायला आले होते. चहाचा कप घेताना दिसलं, उजव्या हाताला अंगठा आणि एकच बोट. साहेबांनी विचारलं तेव्हा ते सहज म्हणाले, "कडबा कुट्टीच्या मशिनीत गेली. मी आत हात घातला हुता, भावानं मोटर चालू केली. त्याला मी दिसलोच न्हाई."

सुनंदा यातलं आम्हाला कधी काही बोलली नव्हती.

साहेबांनीच त्यांना यंत्रापाशी नेलं. पातं सुरू होताच ते मागे सरकले.

"दाबा, आण्णा," सुनंदा म्हणाली.

त्यांनी त्या एका बोटानं बटण दाबलं. पातं जागच्या जागी थांबलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"परत चालू कर गं."

तिनं केलं. त्यांनी पुन्हा दाबलं. मग पुन्हा. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. साहेबांनी हातानंच त्याला थांबायची खूण केली.