सुबोधने वाढवलेली एक अट

सुबोध आखातात, अल सुलैतल्या एका बांधकाम कंपनीत डेटाबेस सांभाळायचा. पोरगा सरळ, पण कुणाला काही विचारील तर शपथ! भलंसुद्धा आपल्याच मनाने करायचा.

कामगारांची सगळी माहिती त्याच्या हाताखाली. क्वेरीत, म्हणजे माहिती मागवायच्या आज्ञेत, अट घालायची. अटीत बसलेली नावं समोर येतात, बाकीची माणसं जणू जन्मालाच आली नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडावर मॅनेजर म्हणाला, "काम आटलंय. वीस सुतारांना फायनल एक्झिट, कायमचं घरी. वयस्कर आधी."

सुबोधने अट लिहिली: काम सुतारकी, आणि वय पंचावन्नच्या वर. नेमके वीस निघाले, आणि त्यात बाबाजीकाका! राजापूरहून त्याला इथे आणणारे, नोकरी लागेपर्यंत आपल्या ताटात जेवू घालणारे.  सुबोधने आणखी एक अट जोडली: आणि इकामा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा नंबर काकांचा नको.

"एक कमी पडतोय," मॅनेजर म्हणाला. "वय एका वर्षाने खाली आण."

आणलं. काकांच्या जागी त्यांच्याच खोलीतला चंदन आला. सुबोधला तो नुसता नावाने माहीत.

कागद निघाल्यावर काका ऑफिसात आले. "माझं नाव नाही रे आलं?"

"मीच काढलं, काका!" सुबोध हसून म्हणाला.

काका खुर्चीत बसले. "अरे देवा! गावी तुझी शालनकाकू अंथरुणाला खिळलीय. किती महिने सोडा म्हणतोय, फोरमन ऐकत नाही. म्हाताऱ्यांना पाठवतायत कळलं, तेव्हा बॅग भरून बसलो होतो मी. आणि तो चंदन! त्याच्या कॅन्सरच्या गोळ्या इथल्या विम्यावर चालल्यात. गावी कोण देणार त्याला? मला एकदा विचारायचंस तरी!"

सुबोध धावत मॅनेजरकडे गेला. चंदनऐवजी काकांना पाठवा म्हणून हातापाया पडला. मॅनेजरने मान वर केली नाही. "त्याची एक्झिट लागली. वीस भरले, खलास. आणि बाबाजीसारखा कारागीर मी का सोडू?"

चंदन रडतच विमानात बसला. त्याच आठवड्यात शालनकाकू गेल्या. काकांनी सुबोधला फोन केला नाही. त्याला ते मेसमध्ये, परक्या माणसाकडून कळलं.