पान्याचे तीन ठोके

गॅरेजमध्ये भंगार जसं नकळत साठतं ना, तसेच किस्से साठतात. कोपऱ्यात पडून असतात. कुणी गप्पांना बसलं, चहा ठेवला, की एकेक हाताला लागतो.

आमचं गॅरेज कापूरहोळला, भोरचा रस्ता फुटतो त्याच्या जरा अलीकडे. माझे सासरे, म्हणजे नाना, मिस्त्री. मी त्यांची सून, सारिका. फोन, सुटे भाग आणि नाना, तिन्ही मीच सांभाळते. नवरा शिरवळला कंपनीत. हल्ली आमच्याकडे मोटरहोमवाले फार! गाडीत बिछाना, शेगडी, संडाससुद्धा. भाटघरचं पाणी नाहीतर वेल्ह्याचे डोंगर बघायला निघतात आणि चढावर घरासकट बंद पडतात.

*

पहिला किस्सा हसण्यासारखा नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाहीत.

एका मोटरहोमच्या बॉनेटमध्ये नानांचे दोन्ही हात होते, अगदी पंख्याच्या पट्ट्यापाशी. मालकाला काय घाई झाली कोण जाणे, आत बसून त्याने चावीला हात घातला. मी दारातून ओरडले, "नाना, हात!"

नाना ढिम्म. पुन्हा ओरडले. ढिम्मच! माझ्या हातात पाना होता, तो गाडीच्या पत्र्यावर तीनदा हाणला. नानांनी चटका बसल्यासारखे हात मागे घेतले आणि इंजिन सुरू झालं.

संध्याकाळी त्यांना माझे ओठ दिसतील अशी समोर उभी राहून सरळ विचारलं, "नाना, ऐकू येत नाही ना तुम्हाला?"

नानांनी फडक्याला हात पुसले. "लोकं गाडीचा आवाज ऐकवाया येत्यात माज्याकडं. तेस्नी कळलं तर कोन येईल? पोराला बी सांगू नगंस. घरी बसवंल मला."

मला रडूच आलं. आवाज नाही, तरी पत्र्याचा हादरा त्यांना कळत होता. त्या दिवसापासून ठरलं. पत्र्यावर तीन ठोके पडले की हातातलं टाकायचं आणि बाहेर निघायचं. का, म्हणून विचारायचं नाही.

*

मी गुपचूप पुण्याहून कानाचं मशीन आणलं. नानांनी एक दिवस लावलं. दुसऱ्या दिवशी ते मला नटबोल्टच्या डब्यात सापडलं.

"इंजिन ऱ्हायलं बाजूला, समदा हायवे कानात शिरतोय!"

आणि खरं सांगायचं तर मशीनवाचून अडत नव्हतं. कामथडीचे एक टेम्पोवाले काका अर्धा तास आपल्या गाडीचं रडगाणं गात बसले होते. नाना त्यांच्या तोंडाकडे बघत शांतपणे मान हलवत होते. जाताना काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुजा सासरा लई मोठा मानूस बग. आजकाल एवढं ऐकून कोन घेतंय!"

*

फोनवरच्या गिऱ्हाइकांचं काय, तर त्यावर आम्ही तोडगा काढला. गिऱ्हाईक मोबाईल इंजिनपाशी धरतं. आवाज मी ऐकते आणि तोच पान्याने टेबलावर वाजवते. नाना टेबलावर तळहात टेकून डोळे मिटतात.

एकदा वरंध घाटातून एका तरुण मुलाचा फोन आला. आवाज रडवेला. "गाडीखालून काहीतरी भयंकर वाजतंय हो! एका बाजूला दरी आहे. बायको गाडीत बसायला तयार नाही, ती चालत पुढे निघालीय!"

"हळू चालवा आणि मला ऐकवा," मी म्हटलं.

गडगड गडगड, ठक्! मग शांत. मग पुन्हा गडगड, ठक्! चाकच निखळत असेल तर? मी तो आवाज टेबलावर वाजवला. नानांनी तीनदा वाजवायला लावला.

"वळनावरच वाजतंय का, इचार."

वळणावरच वाजत होतं.

"मंग गाडीला कायबी झालं न्हाई. सैपाकाचा कप्पा उघडाया सांग. लाटनं आसंल."

लाटणंच होतं! मुलगा फोनवर ओरडला, "काय कान आहेत हो नानांचे!"

*

आणि हे विंझरचं. फोन आला म्हणून नाना आणि मी तिथे गेलो होतो.

विंझरच्या पुढे, वेल्ह्याच्या रस्त्याला, चढावर एक मोटरहोम अडकलं होतं. मालक रिटायर्ड साहेब, पुण्याचे. आत त्यांच्या पत्नी पडून होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, चटकन उतरता येत नव्हतं. गिअरची केबल निसटली होती आणि खाली शिरल्याशिवाय इलाज नव्हता.

नानांनी हँडब्रेक बघितला, तोंड वाकडं केलं आणि मागच्या चाकाला स्वतः मोठा दगड लावला. "ह्यो दगुड कुनी हलवायचा न्हाई," असं बजावून ते टॉर्च घेऊन खाली शिरले. पाय पुढच्या चाकाच्या मागे.

साहेब टापटिपीचे. "रस्त्यात दगड बरा दिसत नाही," म्हणाले. "आमच्याकडे खास ठोकळे आहेत, इम्पोर्टेड." मला वाटलं, नुसतंच बोलतायत. मी बारा नंबरचा पाना शोधायला पिशवीत वाकले. वळून बघते तर साहेबांनी दगड काढून बाजूला ठेवलेला आणि पिवळा ठोकळा लावायला ते खाली वाकतायत!

कर्रर्र आवाज झाला. हँडब्रेक सुटला आणि गाडी मागे सरकायला लागली.

"नाना! बाहेर या! बाहेर या!" साहेब जिवाच्या आकांताने ओरडले. आत बाई किंचाळल्या. आणि गाडीखालून नानांचा हात शांतपणे बाहेर आला, तळवा वर. "बाराचा दे गं."

मी तो बाराचा पाना उचलला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून पत्र्यावर हाणला. एक. दोन. तीन.

हात आत गेला. दुसऱ्या क्षणाला अख्खे नाना गडगडत बाहेर आले. चाक त्यांच्या टॉर्चवरून गेलं, काचेचा चुरा झाला. गाडी मागे जाऊन शेताच्या बांधाला टेकली आणि थांबली. आतून बाईंचा आवाज आला, "मी बरी आहे! चहा तेवढा सांडला."

रस्त्यावरची चार माणसं धावत आली. साहेब पांढरेफटक पडले होते.

"पण मी केवढ्यांदा ओरडलो!" ते मला म्हणाले. "दोनदा ओरडलो! यांना ऐकूच कसं गेलं नाही?"

सगळे नानांकडे बघायला लागले.

नानांनी सदऱ्याची धूळ झटकली. पत्र्याला पडलेला पोचा बघितला. मग माझ्याकडे वळून सगळ्यांदेखत खेकसले,

"एवढ्या जोरानं कशाला बडवतीस गं? म्या काय बहिरा हाय?"