पट्टीनं मारलेली रेघ

झाशीत कुणाला अभ्यासाच्या मुलाखतींसाठी माणसं हवी असली की फोन यायचा तो अनुसयाबाईंना. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाई त्या, आणि घराणं इथलं जुनं, सरकारी दप्तरात कारकून म्हणून आलेल्यांचं. कुणी बाळंतिणींवर अभ्यास करो, कुणी पाण्यावर, कागद घेऊन फिरणाऱ्या अनोळखी पोरींना दार कोण उघडतं हो? बाई आधी एकट्या जायच्या. चहा घ्यायच्या, नातवाच्या खोकल्याची चौकशी करायच्या, आणि उठता उठता सांगायच्या, एक मुलगी येईल, चार गोष्टी विचारील, जरा बोला तिच्याशी. लोक बोलायचे. या कामाचा त्यांना भारी अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

यंदा मार्गशीर्षात पुण्याहून ऋता आली. तिशीची, शांत पोर. तिला बारा बायका हव्या होत्या. मराठी, झाशीत राहणाऱ्या, आणि गेल्या पाच-सहा वर्षांत नवरा गेलेल्या. परक्या मुलखात एकट्या पडलेल्या बाईचं पुढं काय होतं, हा तिचा विषय.

"काकू, छावणीत विचारू का?" ती म्हणाली.

"छावणीत विधवा कशी सापडेल गं? माणूस गेला की क्वार्टर जातं, आणि बाई ट्रंका बांधून गावी जाते. शहरात घर बांधून राहिल्यात त्या शोधायच्या. पण त्यांची यादी कुणाकडे असणार?"

हे बोलता बोलताच बाईंना आठवलं. यादी त्यांच्याच कपाटात होती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची वही होती ती. झाशीत मराठी घरं अशी कितीशी? जुनी चार घराणी, लष्करातली बदलीवर आलेली आणि निवृत्त होऊन इथंच राहिलेली काही. सगळ्या बायका वर्षातून एकदा अनुसयाबाईंच्या दिवाणखान्यात जमायच्या. वर्षभर भाजीवाल्याशी हिंदी, शेजारणीशी बुंदेली, पोरं घरात हिंदीतच भांडणार. तो एक दिवस काय ते पोटभर मराठी बोलायचं. बोलावणं कुणाला राहू नये म्हणून बाईंनी वही केली होती. आणि कुणाचा नवरा गेला की त्या नावावर रेघ मारायच्या. शाळेची सवय, हातानं नाही हो, पट्टी धरून, सरळ. त्यात आपण काही वाईट करतो असं त्यांच्या मनातही आलं नाही. सासूबाई करायच्या, तेच त्या करत आल्या.

वही उघडून बसल्या आणि रेघा मोजल्या. सहा वर्षांत चौदा रेघा. ऋताला हव्या होत्या नेमक्या त्याच बायका. चौदांतल्या दोघी वारल्या होत्या. बाईंना ते ठाऊकही नव्हतं, फोन लावल्यावर कळलं. उरल्या बारा. एकही सोडायची सोय नव्हती.

अकरा घरं त्यांनी पंधरा दिवसांत केली. सगळ्यांनी त्यांना आत घेतलं, हेच फार लागलं त्यांना. जवळच्या समथरला लेकीकडे चार दिवस गेलेली एक तर रडायलाच लागली, "वाट चुकलात का हो ताई?" म्हणाली. बाई घरी येऊन जेवल्या नाहीत. नवरा, भीमराव, म्हणाले, "अगं, काम आहे ते, इतकं मनाला लावून घेऊ नकोस." बाई तडकल्या, "तुम्ही गप्प बसा! तुम्ही जिवंत आहात म्हणून त्या वहीत मी आहे."

बारावं नाव त्यांनी मुद्दाम मागं ठेवलं होतं. कमळाबाई. निवृत्त सुभेदार हणमंतरावांची बायको, मूळची साताऱ्याकडची, आणि एके काळी बाईंची जिवाभावाची मैत्रीण. दर संक्रांतीला दोघी मिळून तिळाचा पाक करायच्या, भाजलेली बोटं एकमेकींना दाखवून हसायच्या. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत हणमंतराव गेले. बाई दहाव्याला जाऊन आल्या, तिथं गळ्यात पडून रडल्या, घरी आल्या आणि पट्टी काढली. त्यानंतर त्या घरात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. बारावी बाई मिळाली नाही तर ऋताचं काम अडणार, ते खरंच. पण अनुसयाबाईंना त्याहून निराळंच हवं होतं. कमळनं एकदा पहिल्यासारखं 'ये गं' म्हणावं, एवढंच. मग ती शिव्या देईना का!

लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याच्या अलीकडे ते घर. दार कमळाबाईंनीच उघडलं. केस पार पांढरे, कपाळ मोकळं.

"कमळ, अगं मी."

"आइए," कमळाबाई म्हणाल्या. "बैठिए."

बाईंनी मराठीत सगळं सांगितलं, ऋताचं, तिच्या अभ्यासाचं. उत्तरं आली ती हिंदीतच. बाईंना वाटलं, सवय मोडली असेल बिचारीची. कमळाबाई शेवटी म्हणाल्या, "भेज दीजिए लड़की को. पर आप भी साथ आइएगा."

ऋता बिचकली. माणसं जमवून देणाऱ्यानं मुलाखतीला बसायचं नाही, असा तिचा नियम. ओळखीच्या माणसासमोर कुणी मोकळं बोलत नाही. पण कमळाबाई हटून बसल्या. शेवटी बाईंची खुर्ची खिडकीशी ठेवली, आणि ऋतानं संमतीचा कागद वाचून दाखवला. नावं बदलली जातील, कुणाचंच खरं नाव बाहेर जाणार नाही. कमळाबाईंनी तो पुन्हा स्वतः वाचला आणि सही केली.

आणि मग त्या बोलायला लागल्या. मराठीत! सातारी, खणखणीत, एक शब्द अडला नाही. खिडकीशी बसलेल्या बाईंना उमगलं, सवय काही मोडलेली नव्हती.

"आमचे मालक गेले, त्याचं दुःख होतंच बघा. पण त्या दुःखाला लोक येतात. तेरा दिवस घर भरलेलं होतं. मग संक्रांत आली. मला वाटलं, दरवर्षी हळदीकुंकवाला जाते तशी जावं. मला कुंकू नाही लावलं तरी चालेल, स्वैपाकघरात बसेन, चार शब्द कानावर पडतील. तिळाच्या वड्या केल्या, डबा घेतला आणि गेले."

"मग?" ऋतानं विचारलं.

"फाटकात तिची सून आली. म्हणाली, आई घरी नाहीत. आतनं तीस-चाळीस बायकांचं हसणं येत होतं, आणि ही पोर म्हणते, घरी नाहीत. पोरीचा काय दोष? तिची मान खाली होती. पडद्याआड कोण उभं होतं ते मला दिसलं."

अनुसयाबाईंनी डोळे मिटले. मनस्वीला, आपल्या सुनेला, त्यांनीच तर पाठवलं होतं. 'सवाष्णी बसल्यात, आत्ता नको,' म्हणाल्या होत्या. आणि त्या दिवसाचं पुढं कधी कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं.

"वड्या घरी आणल्या. टाकवेनात. रोज एक खाल्ली, होळीपर्यंत पुरल्या. तेव्हापासून मराठी बोलले नाही कुणाशी. मुलगा फोनवर हिंदीच बोलतो. देवापुढं बोलते तेवढंच. तुम्ही पहिल्या, तीन वर्षांत."

ऋताची लेखणी थांबली होती. तिनं हळूच विचारलं, "त्या बाई तुमच्या कोण होत्या?"

मग अनुसयाबाईच उठल्या. म्हणाल्या, "लिही, ऋता. माझं नाव लिही. मीच ती. बदलू नकोस, खरं नाव घाल."

कमळाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ऋतालाच म्हणाल्या, "नका लिहू. कुणाचं नाव येणार नाही, असं तुमच्या कागदावर आहे ना? मी त्याच्यावर सही केलीय. नाव आलं की ती मोकळी होईल."

ऋतानं वही मिटली. अनुसयाबाई तशाच उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत धरून. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं ते पुसायचंही भान नव्हतं.

"कमळ," त्या म्हणाल्या, "यंदा संक्रांतीला ये गं. मी स्वतः न्यायला येते. कोण काय म्हणतं ते मी बघते."

कमळाबाई उठल्या. खुर्ची सरळ केली, ऋताच्या पाठीवरून हात फिरवला, "जेवूनच जा बरं, पोरी," म्हणाल्या. आणि मग खिडकीकडे वळून, पाहुण्यांशी बोलतात तसं अगदी अदबीनं म्हणाल्या, "आप चाय पीकर जाइएगा, अनुसया जी."